तुम्ही विचारलंत म्हणून: रेटिंग कमी असताना संघात यावे का?

कॉलेज सुरू झाले की दुसऱ्या वर्षाची मुले-मुली मला हमखास विचारतात, "ताई, माझे कोडफोर्सेसचे रेटिंग जेमतेम बाराशे आहे, तरी आयसीपीसीच्या संघासाठी नाव देऊ का?" कोडफोर्सेस ही ऑनलाइन प्रोग्रामिंग स्पर्धांची वेबसाइट, तिथल्या कामगिरीवरून हे रेटिंग ठरते; आणि आयसीपीसी ही महाविद्यालयीन संघांची आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धा. नाव द्यावे, असे मी मनापासून सांगते, आणि त्याचे कारण त्या स्पर्धेच्या नियमांतच आहे.

आयसीपीसीमध्ये तिघांच्या संघाला पाच तासांत दहा-बारा प्रश्न सोडवायचे असतात आणि संगणक मात्र एकच मिळतो. एक जण टाइप करत असतो, तेव्हा उरलेले दोघे कागद-पेन्सिलीवर काम करतात. उत्तर चुकले आणि तो प्रश्न पुढे सुटला, तर प्रत्येक चुकीमागे 20 मिनिटे संघाच्या वेळेत जमा होतात; सारखेच प्रश्न सोडवलेल्या संघांचा क्रम याच वेळेवरून लागतो. त्यामुळे कीबोर्ड कोणाकडे असावा आणि तो केव्हा सोडावा, हा निर्णय अल्गोरिदम येण्याइतकाच मोलाचा ठरतो.

आमच्या पहिल्या प्रादेशिक फेरीत तिघांमध्ये माझे रेटिंग सर्वांत कमी होते. दुसरा तास संपत आला होता, एका प्रश्नावर दोन चुकीची उत्तरे जाऊन बसली होती आणि ते लिहिणारा माझा सहकारी खुर्ची सोडायला तयार नव्हता. मी त्याला कोड छापायला लावून जागा तिसऱ्याला द्यायला सांगितली. छापील पान आल्यावर मी एकेका ओळीखाली पेन्सिल टेकवत वाचत गेले. 2 लाख संख्या, प्रत्येक 100 कोटींपर्यंत, आणि त्यांची बेरीज साठवायला घेतलेला 'इंट' हा पूर्णांकांचा लहान प्रकार, ज्यात 214 कोटींच्या वर काही मावत नाही! त्या जागी मोठ्या संख्या मावणारा 'लाँग लाँग' हा प्रकार केल्यावर उत्तर स्वीकारले गेले. 131व्या मिनिटाला सुटलेला तो प्रश्न दंडासह 171 मिनिटांना पडला, पण प्रश्न सुटल्याची खूण म्हणून आमच्या टेबलाला फुगा बांधला गेला. त्या पाच तासांत मी स्वतः एकच प्रश्न टाइप केला होता, तरीही त्या दिवशी संघात माझी जागा काय, याविषयी मला शंका उरली नाही.

म्हणून साथीदार निवडताना रेटिंगच्या आधी पाहा, की स्वतःचा कोड दुसऱ्याने तपासलेला त्याला चालतो का. आठवड्यातून एकदा तिघांनी एकाच लॅपटॉपवर सलग पाच तास जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी. पहिला प्रश्न सर्वांत सोपा असेलच असे नाही. म्हणून सुरुवातीला तिघांनी प्रश्न वाटून घेऊन वाचावेत आणि गुणफलकावर इतर संघांनी काय सोडवले, यावरही लक्ष ठेवावे. शेवटच्या तासात तो फलक गोठवला जातो, त्यामुळे तेव्हा हा आधारही राहत नाही. सेगमेंट ट्री (माहिती साठवण्याची एक रचना), डायक्स्ट्रा (सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची रीत) यांसारख्या नेहमी लागणाऱ्या कोडचे छापील संदर्भपान नेण्याची मुभा असेल तर त्यातली प्रत्येक ओळ आधी स्वतः चालवून पाहिलेली असावी.

आमचा सराव रविवारी सकाळी दहाला सुरू होतो. लॅपटॉप एकच लागतो आणि तो आमच्याकडे आहे. तुम्ही पेन्सिल आणि कोरे कागद घेऊन या.