काकूंचा पत्ता

समुद्रपूर तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, झेरॉक्स, मधूनच कुणाची वेबसाइट. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. ती हळद बाहेरगावी विकायची म्हणून एका बचत गटाला वेबसाइट हवी होती. डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, मी एका कंपनीकडून गटाच्या सचिव काकूंच्या नावानं घेतलं. पैसे भरताना प्रायव्हसीचे, म्हणजे मालकाची माहिती झाकण्याचे, वेगळे पैसे दिसले. गटाचे तेवढेच वाचतील म्हणून मी ती टिक काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळीच काकू दुकानात.

"भाऊ, काहून इतके फोन येऊन रायले? कोनी म्हन्ते वेबसाइट बनवून देतो, कोनी म्हन्ते लोगो. अन् काल रात्री एकजन म्हने, हनुमान मंदिराजवळच राहता ना? त्याले माह्या घराचा पत्ता कोन देल्ला?"

मी हू-इजवर, म्हणजे डोमेन कुणाचं ते दाखवणाऱ्या ऑनलाइन नोंदवहीत, डोमेन टाकलं. काकूंचं पूर्ण नाव, हनुमान मंदिराजवळ, गाव, पिनकोड. खाली +९१, टिंब आणि त्यांचे दहा आकडे. शब्दन्‌शब्द मीच टाइप केलेला. काकूंनी हळदीनं पिवळं झालेलं बोट त्या आकड्यांवर ठेवलं. "हे कोनीबी पाहू शकते?"

हो म्हणताना माझा घसा कोरडा पडला. घरात त्या आणि कॉलेजातली मुलगी, दोघीच.

शेजारचा पोरगा म्हणाला, खोटा नंबर टाकून द्या. ते चालत नाही. माहिती खरीच द्यावी लागते, हा डोमेनचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेचा नियम आहे, आणि खोटी निघाली तर डोमेन बंद पडू शकतं. पण खरी माहिती कंपनीकडे असणं वेगळं आणि ती साऱ्या जगाला दिसणं वेगळं. २०१८ मध्ये युरोपात जीडीपीआर हा खासगी माहिती जपणारा कायदा लागू झाल्यावर पुष्कळ कंपन्या ती आपणहून झाकू लागल्या. ही कंपनी मात्र आमच्याकडून त्याचे पैसे मागत होती. मला हे अजिबात पटत नाही. बाईमाणसाच्या घराचा पत्ता झाकणं ही जादा सोय कशी असेल?

मी पदरचे पैसे भरून प्रायव्हसी चालू केली. थोड्या वेळानं पाहिलं तर काकूंच्या नावाच्या जागी कंपनीचं नाव.

"पुसलं?"

"इथलं पुसलं, काकू. पण नव्या डोमेनच्या याद्या विकणारे लोक असतात. त्यांनी आधीच उतरवून घेतलं असेल, तर ते आता माझ्या हातात नाही."

नंबर बदलावा, तर तो बँकेला, गॅसला, गटाच्या खात्याला जोडलेला. शेवटी गटासाठी नवं सिम घ्यायचं ठरलं.

काकू उठल्या तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "तुमीच बोला, भाऊ."

मी उचलला.