फ्रीसलंडच्या कालव्यांतून सात दिवस

नेदरलंड्समध्ये 15 मीटरपेक्षा लहान आणि ताशी 20 किलोमीटरपेक्षा जास्त वेग नसलेली बोट चालवायला परवाना लागत नाही. उट्रेख्टला राहणाऱ्या भाऊजींनी हे सांगितलं, तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. जूनमध्ये मी, नवरा, भाऊजी आणि जाऊबाई असे चौघं उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतात गेलो, स्नेक गावातून दोन खोल्यांची डिझेलवरची लोखंडी बोट भाड्याने घेतली आणि सात दिवस पाण्यावर राहिलो.

या प्रांतात अकरा जुनी शहरं आहेत. कडाक्याच्या थंडीत कालवे गोठले की ती सगळी जोडणारी सुमारे 200 किलोमीटरची स्केटिंग शर्यत होते. पहिली 1909 मध्ये झाली. 1997 नंतर पुरेसा जाड बर्फच धरलेला नाही. आम्हीही आधी अकराच्या अकरा शहरांचा बेत आखला होता, पण नकाशा पुढ्यात घेतल्यावर चारांवर आलो. तुम्हीही तसंच करा. अरुंद कालव्यांत बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादा ताशी 6 किलोमीटर असते, शिवाय पुलांपाशी थांबावं लागतं. दिवसाला तीन-चार तास बोट चालवली तरच गावात फिरायला वेळ उरतो.

पुलाचे दिवे पहिल्याच दिवशी पाठ करा. लाल म्हणजे थांबा, लाल आणि हिरवा एकत्र म्हणजे पूल आता उघडणार, नुसता हिरवा म्हणजे जा. एकावर एक दोन लाल दिसले तर पूल सध्या चालू नाही, तेव्हा तिथे घिरट्या न घालता काठाला लागावं. काही पूल दुपारी जेवणाच्या वेळेत बंद असतात. काही ठिकाणी पूल उघडणारा माणूस अजून गळासारख्या काठीला लाकडी बूट बांधून बोटीसमोर सोडतो, त्यात टोल टाकायचा. त्यासाठी सुटी नाणी हाताशी ठेवा. पहिल्यांदा तो बूट झुलत आला तेव्हा जाऊबाईंनी नाणी टाकली आणि पूलवाल्या आजोबांनी टोपी काढून नमस्कार केला.

खरी कसोटी वाऱ्याची. हेख गावात (डच सरकारचं ठाणं असलेलं हेग वेगळं) धक्क्याला लागताना वारा आडवा आला, बोट तिरकी झाली आणि शेजारच्या खांबाला घासली. अनामत रकमेतून थोडे पैसे गेले. तेव्हापासून आम्ही नेमच केला: वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून अगदी हळू यायचं, फेंडर (बोटीला धक्का बसू नये म्हणून कडेला लटकवायच्या उशा) आधीच बाहेर सोडायचे आणि दोर धरणाऱ्याने उडी मारायची नाही. दुपारी चारच्या आत मुक्कामाला पोचलात तर जागाही मिळते.

स्लोटन हे अकरांतलं सगळ्यात लहान शहर. मधोमध कालवा, काठाने लिंडनची झाडं, दोन्ही टोकांना पाण्यावरच्या वेशी आणि तटावर 1755 ची पिठाची पवनचक्की. बोट गावाबाहेर बांधून आम्ही चालत आत गेलो. संध्याकाळी पर्यटक पांगतात आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो. एकच मुक्काम वाढवता येणार असेल तर इथे वाढवा.

तिथून फ्लुसेन तलाव ओलांडून स्टाव्होरन. वाटेत एका ठिकाणी मोटारींचा रस्ता कालव्याखालून जातो. बोटीतून खाली पळणाऱ्या गाड्या बघताना चौघंही गप्प झालो. स्टाव्होरनच्या बंदरात एका गर्विष्ठ श्रीमंत बाईचा पुतळा आहे. तिने जगातली सगळ्यात मौल्यवान वस्तू मागवली, कप्तानाने गहू आणला आणि तिने तो समुद्रात ओतायला लावला, अशी दंतकथा आहे. पुढे तिच्यावर भीक मागायची वेळ आली. अन्नाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

हिंडेलोपनला मात्र बोट नेऊ नका. त्याचं बंदर आयसलमेर या मोठ्या सरोवरावर आहे आणि नवशिक्यांना तिथे भाड्याची बोट नेऊ देत नाहीत. स्टाव्होरनहून ट्रेन आहे, स्टेशनवरून गावात चालत जाता येतं. इथल्या म्युझियममध्ये बायकांचा जुना लांब अंगरखा बघितला आणि मी तिथून हलेना. कापड भारतातलं, कोरोमंडल किनाऱ्यावरचं, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आलेलं. गावातले पुरुष अॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांच्या जहाजांवर कप्तान असत, त्यामुळे असं कापड घरोघरी पोचलं. डच भाषेत त्याला ‘सिट्स’ म्हणतात. माझी आजी ‘छीट’ म्हणायची, तोच हा शब्द. लाल वेलबुट्टीही तिच्या पेटीतल्या झग्यासारखीच. या गावाला अर्धा दिवस नाही, पूर्ण दिवस द्या.

रात्री मोकळ्या माळावर काढायच्या असतील तर मारेक्रिटे या फ्रीसलंडमधल्या जलपर्यटन संस्थेचे धक्के शोधा. तिथे तीन दिवसांपर्यंत फुकट थांबता येतं, पण वीज आणि पाणी नसतं, म्हणून आदल्या दिवशी गावात टाकी भरून घ्या. संडासाची टाकी कालव्यात सोडायला बंदी आहे, ती बंदरावरच्या पंपानेच रिकामी करायची.

शेवटची रात्र आयल्स्टला काढा. तिथे घर रस्त्याच्या एका बाजूला आणि त्याची बाग दुसऱ्या बाजूला, थेट पाण्याला लागून असते. सकाळी निघून तासाभरात स्नेकला पोचता येतं. 1613 ची पाण्यावरची वेस तिथेच आहे. आम्ही ती पहिल्या दिवशी घाईत मागे टाकली होती, बोट परत केल्यावर सावकाश बघितली.