घोळ मुद्दाम का वाढवता?

अंगणात येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो, की घोळ नावाचे हे तण तुम्ही उपटून का टाकत नाही. आता तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पुण्यातल्या आमच्या घरासमोरची जमीन मुरमाड आहे, तिच्यावर दुपारभर ऊन असते आणि एप्रिल-मे महिन्यांत हिरवळीला रोज पाणी घालणे मला पटत नाही. अशा जागी घोळ आनंदाने पसरते, कारण तिच्या मांसल पानांत आणि लालसर देठांत पाणी साठलेले असते; शिवाय पाण्याची फारच ओढ लागली, तर ती दिवसा पानांवरची रंध्रे मिटून ठेवते आणि रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. तहानलेल्या घोळीची पहाटे खुडलेली पाने त्यामुळेच अधिक आंबट लागतात, आणि म्हणून डाळ घालून भाजी करायची असेल, तर मी ती संध्याकाळी खुडतो. (ज्या शेजाऱ्यांना घोळ खुपते, त्यांच्या कुंड्यांत तिचेच भावंड असलेले ऑफिस टाइम नावाचे फुलझाड मोठ्या कौतुकाने फुललेले असते.)

धोका आहे तो बियांचा. पिवळी फुले सकाळच्या उन्हात थोडा वेळ उमलतात, मग बोंडाचे झाकण निघून बारीक काळे बी सांडते. एका झाडाचे बी हजारांत मोजावे लागते आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकते. उपटून तिथेच टाकलेली घोळ पुन्हा मूळ धरते, म्हणून उपटलेली झाडे मी खतात न टाकता गच्चीवर कडकडीत वाळवतो. एरवी कळ्या दिसण्याआधी शेंडे खुडत राहणे, एवढाच बंदोबस्त पुरतो.

फरशीच्या फटींतून अशीच पसरणारी दुधी (हे एक तण, दुधी भोपळा नव्हे) मात्र ओळखता आली पाहिजे: देठ मोडल्यावर पांढरा चीक आला, तर ती घोळ नव्हे आणि ती खायची नाही. घोळीतही ऑक्झॅलेट भरपूर असते, तेव्हा मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावी.

लावायची असेल, तर बी शोधत बसू नका. मंडईतून एक ताजी जुडी आणा, कोवळे शेंडे भाजीला घ्या आणि उरलेल्या देठांचे तुकडे ओलसर मातीत खोचा.