पणतीवरचा हात: बोटं पेटली एकदाची!

मागच्या नोंदीत टाकलेला माझ्या जलरंगातल्या चित्राचा फोटो आठवत असेल. मावशीने पणतीभोवती धरलेला हात, आणि त्यात गाजराचे तुकडे दिसावेत तशी बोटं. ती बोटं आता पेटली आहेत. चेहरा अजून बाकी आहे, पण त्याचं पुढे.

अडचण काय होती ते नव्या मंडळींसाठी थोडक्यात. उजेडासाठी नारिंगी, सावलीसाठी अल्ट्रामरीन (गडद निळा) घातलेला जांभळट वॉश (पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा थर), आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे राखाडी चिखल. नेमकी तीच जागा सगळ्यात जास्त उजळायला हवी. नारिंगी वाढवलं की बोटं प्लास्टिकची, सावली वाढवली की हात भाजलेला.

मग मैसूरला जायचा योग आला आणि जगनमोहन पॅलेसमध्ये हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’, हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र, समोरासमोर पाहिलं. सावळाराम हळदणकर, म्हणजे आपले सावंतवाडीचे. चित्र 1945-46 च्या सुमाराचं, मॉडेल त्यांचीच मुलगी गीता, आणि माध्यम जलरंग! माझ्या शेजारी उभे असलेले गृहस्थ घरच्यांना ‘हे रविवर्म्याचं’ म्हणून सांगत होते. रविवर्मा 1906 मध्येच गेले हो, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

कॅलेंडरवर आणि मोबाइलवर हे चित्र इतकं पाहिलंय की ते भडक आहे असंच डोक्यात बसलं होतं. मूळ चित्रात भडक जागा किती थोडी! ज्योत हाताआड आहे. लाल उजेड फक्त बोटांच्या फटींत आणि कडांना आहे, बाकी सगळं दबलेलं. मी मात्र अख्खा पंजा रंगवून पेटवायला बघत होते.

घरी आल्यावर दिवे बंद करून, पणती लावून स्वतःचाच हात धरून बसले. (मोबाइलचा टॉर्च यासाठी वापरू नका, त्याचा पांढरा उजेड फसवतो.) रक्त निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून बोटांतून आरपार येतो तो लालच. मांस पातळ तिथे लाल, जाड तिथे अंधार. म्हणजे नारिंगीचं कामच नव्हतं. शिवाय माझं नारिंगी कॅडमियम होतं, अपारदर्शक. खालच्या कागदाचा पांढरा उजेड त्यातून येणार कुठून?

आता क्रम असा बसलाय. आधी पूर्ण हातावर पारदर्शक पिवळ्याचा अगदी फिका वॉश, तो खडखडीत वाळू द्यायचा. मग फक्त कडांना क्विनाक्रिडोन रोझ (पारदर्शक गुलाबी-लाल), आतल्या बाजूला पाण्याच्या ब्रशने विरवत नेलेला. आणि सावलीसाठी तोच रोझ, त्यात बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि चिमूटभर अल्ट्रामरीन. उजेडात आणि सावलीत लाल एकच असल्याने दोन्ही भेटले तरी मळत नाहीत. करंगळीची बाहेरची कड तर अशी जमलीय की चहा घेताना सारखी उठून बघते.

कागदाबद्दल बोललंच पाहिजे. एवढे थर द्यायचे तर 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड) शंभर टक्के कॉटनच हवा. साध्या पॅडवर तिसऱ्या थराला खालचा रंग उठून येतो. पण यावेळी एका दुकानातून आणलेला महागडा कॉटन कागदही ओल धरलेला निघाला. सायझिंग (कागदाने रंग लगेच शोषू नये म्हणून दिलेला लेप) गेलेलं, त्यामुळे वॉशमध्ये मध्येच रंग पिऊन टाकणारे डाग. पावसाळ्यात अख्खा गठ्ठा घेऊ नका, एक शीट आणून कोपऱ्यावर वॉश टाकून बघा. ट्यूब्ज कॅम्लिनच्या आर्टिस्ट दर्जाच्या चालतात. पैसे कागदावर घाला.

मधे सातारा जिल्ह्यातल्या औंधलाही जाऊन आले. भवानी संग्रहालयातली रविवर्म्याची तैलचित्रं बघताना निव्वळ मत्सर वाटला. तेलात आधी अंधार करून शेवटी उजेडाचा ठिपका वर ठेवता येतो, जलरंगात आपल्याला तो, म्हणजे कागदाचा पांढरा, पहिल्या मिनिटापासून राखावा लागतो. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतही डोकावले, पण तिथे त्या दिवशी बहुतेक सगळं ॲक्रिलिक होतं, या कामापुरतं हाती काही लागलं नाही.

पुढचा बेत मावशीचा चेहरा खालून उजळलेला करायचा होता. पण हे लिहितानाच वाटतंय, चेहरा नकोच. हात, पणती आणि मागच्या भिंतीवर पडलेली बोटांची मोठी सावली, एवढंच करावं. मग भिंतीचा गडद वॉश आधी आणि हात नंतर, म्हणजे हातावर मास्किंग फ्लुइड (रंग लागू नये म्हणून लावायचा आणि नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) आलं. आणि त्या ओल धरलेल्या कागदावरून ते ओढलं तर पृष्ठभागच सोलून निघणार. ड्रॉइंग गम (हेही मास्किंग फ्लुइडच) लावून लगेच, वॉश पुरता वाळायच्या आत, काढून पाहिलंय का कुणी? मावशी रविवारी यायची आहे, तोवर कातरलेल्या तुकड्यांवर मास्किंगसह आणि त्याशिवाय, असं दोन्ही करून बघते. फोटो तेव्हा टाकीन.