तिसऱ्या बोल्टखालचा ओघळ

फोटोत खरं तर काही भयंकर नाही. आपली नेहमीची चढाईची कातळभिंत, वर लोणावळ्याचं धुकं, मधे शेवाळाचा हिरवा पट्टा आणि तिसऱ्या बोल्टखाली दोन बोटं रुंद तांबूस ओघळ. उघडीप मिळाली म्हणून कुणीतरी खालून काढलाय. "हा मागच्या वर्षी होता का?" एवढंच विचारलंय. तेव्हापासून मन त्या ओघळालाच चिकटलंय.

आधी वाटलं, मातीचा असेल. सह्याद्रीत बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये जागोजागी तांबड्या मातीचा पातळ थर सापडतो. तो पाणी सहज खाली जाऊ देत नाही, म्हणून पाझर नेमका त्याच्यावरून बाहेर फुटतो आणि कातळावर तांबडे पट्टे ओढत उतरतो. पण ते पट्टे पसरट असतात, कडा पुसट असतात आणि ते बोल्टच्या बरेच वरून येतात. हा ओघळ हँगरच्या, म्हणजे बोल्टवर बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या, खालच्या कडेपासून सुरू होतो. वरचा कातळ स्वच्छ काळा आहे. रंगही विटकरी नाही, नारिंगी आहे. म्हणजे लोखंडच.

तो बोल्ट दादांनी मारलेला आहे. हातानं. ड्रिल मशीन तेव्हा कुणाकडे होतं! जुना सेल्फ-ड्रिल: बारा मिलिमीटर जाडीची, तीन सेंटिमीटर लांबीची दातेरी नळी. हातोडीचा एक घाव, थोडं फिरवायचं, पुन्हा घाव. दर थोड्या वेळानं नळी बाहेर काढून भोकातली भुकटी फुंकायची. घट्ट बेसॉल्टमध्ये एका भोकाला अर्धा तास सहज जातो, दाते बोथट होतात, कधी कधी नळी बदलावी लागते. भोक जास्त खोल गेलं तर टोकाची पाचर नळीला नीट फुलवत नाही, कमी खोल राहिलं तर नळी बाहेर डोकावते आणि हँगर कातळाला टेकत नाही. हे सगळं एका हातानं लटकत करायचं. शेवटी आठ मिलिमीटरचा बोल्ट, तेरा नंबरच्या पान्यानं आवळलेला. त्या बोल्टच्या भरवशावर आपण सगळे लीड करायला, म्हणजे दोर खालून सोबत नेत पहिलं चढायला शिकलो. आणि आता मी तो काढायची भाषा करतोय.

नुसता हँगर बदलून भागलं असतं तर किती बरं झालं असतं. पण झिंकचा मुलामा दिलेल्या जुन्या बोल्टवर चकचकीत स्टेनलेसचा हँगर लावणं हा उपाय नव्हे. दोन वेगळे धातू, मधे पाणी, की त्यातला लवकर गंजणारा धातू आधी खाल्ला जातो. इथे तो धातू म्हणजे आतला बोल्ट. बाहेरून नवं दिसतं आणि आत मान बारीक होत जाते. सेल्फ-ड्रिलमध्ये तर नळीच्या आत पाणी साचून राहतं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात ते कधी वाळत असेल? गंज जिथे मोजायला हवा तिथे डोळा पोचत नाही, हीच तर अडचण आहे. ओघळ दिसतो तो फक्त बाहेर आलेला भाग.

या दिवसांत सगळंच असं ओलं आणि हाताबाहेरचं वाटतं. आगोटीला रोप, म्हणजे चढाईचे दोर, गुंडाळून ठेवले की दसऱ्यापर्यंत कातळ परका. गावात गर्दी असते ती धबधब्यांना. कातळावर जाणारे आपण मोजके, त्यातले निम्मे आता पुण्यात, एक तर पार परदेशात, आणि ताईचं तर... जाऊ दे. २०१७ साली नवी मुंबईत बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवरच्या चढाईचा, वर्ल्ड कप जूनमध्ये भरला होता, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. तेव्हा वाटलं होतं, आता आपल्याकडेही काहीतरी हलेल. हललं ते गॅरेजमधल्या चाळीस अंश झुकलेल्या सरावाच्या फळीपुरतं. तिच्यासाठी साधं कमर्शियल प्लाय आणू नका असं कितीदा सांगितलं. बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, आयएस ७१० चा शिक्का असलेलं, अठरा मिलिमीटरचंच हवं, कापलेल्या कडांना आणि प्रत्येक भोकाला आतून वॉर्निश. नाहीतर श्रावणात प्लाय फुगतो, फळीच्या मागे ठोकलेल्या टी-नटची पकड सुटते आणि होल्ड, म्हणजे हातापायाची खोटी पकड, आवळताना नट मागे नुसता फिरत राहतो. मग तो होल्ड ना काढता येतो ना घट्ट करता येतो. घाम टिपायला हाताला लावायची पांढरी पूड, चॉक, तर दोन हातांत लगदा. बोटं पुसायची, लिक्विड चॉक लावायचं, पंखा फळीकडे वळवायचा. शूज घरातच, कागद कोंबून ठेवायचे, पिशवीत नाही. रोप सावलीत, सैल पसरून. भिजलेला नायलॉनचा दोर पडणाऱ्याला झेलताना कोरड्याइतका खात्रीचा राहत नाही, तो पूर्ण सुकेपर्यंत त्यावर लीड नाही. एवढी सगळी राखण कुणासाठी, असं आज फार वाटलं.

तरी मन पुन्हा तिथेच जातं. तो बोल्ट आहे तसा राहू द्यावा का? आठवण म्हणून? शेजारी नवा मारावा, जुन्याला हात लावू नये. पण कातळावर जे दिसतं त्यात लोक कॅराबिनर, म्हणजे दोराची कडी, अडकवतात. वर दमलेला, पाय थरथरणारा मुलगा बोल्ट कधीचा ते विचारत नाही, हाताशी जवळचा कुठला ते बघतो. आणि जुना बोल्ट चांगल्या पकडीच्या शेजारीच आहे, कारण दादांनी जागा निवडली होती. नाही, ठेवता येणार नाही. हे मला फोटो पाहताक्षणीच माहीत होतं. मग इतका वेळ कशाचं वाईट वाटत होतं? त्यांच्या कामावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल याचं, बहुतेक.

पण अविश्वास पावसाचा आहे, दादांचा नाही. हे लिहिताना थोडं मोकळं वाटलं. त्यांचं भोक सरळ आहे, जागा खणखणीत आहे. हातोडी मारली तर आजही तिथे बद्द आवाज येत नाही. उद्या आपण ३१६ ग्रेडचा स्टेनलेस बोल्ट रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात, बसवू, तोही कायमचा नाही. तो काढायलाही कुणीतरी येईल, आणि त्याला आपलं भोक सरळ दिसलं तर पुष्कळ झालं. पाऊस इथे राहणारच. सैल दगड तोच खाली आणतो, सीझनभराचं चॉक तोच धुतो. त्याच्याशी भांडून कातळ मिळत नाही, त्याच्या नंतर मिळतो.

तर मग काम. घटस्थापनेला लगेच नको, पाझर तेव्हा चालूच असतो. दिवाळीच्या सुमाराला भिंतीचा तो भाग बाहेरून तरी सुकतो. आधी दुर्बिणीनं आग्या मोहळ बघायचं. मोहळ बसलं असेल तर ड्रिलचा आवाज करायचाच नाही, काम पुढे ढकलायचं. वरून रोप लावून उतरायचं, जुन्या बोल्टवर जराही भार द्यायचा नाही. शेवाळ नायलॉनच्या ब्रशनं, तारेच्या नाही. नवं भोक जुन्यापासून आणि कातळाच्या कडेपासून किमान एक वीत लांब. मग फुंकणी, ब्रश, फुंकणी, आणि भुकटी निघायची थांबेपर्यंत पुन्हा तेच. भोकात धूळ राहिली तर रेझिन कातळाला नाही, धुळीला चिकटतं. रेझिनच्या काट्रिजची (नळकांडीची) तारीख बघायची. पहिली पिचकारी रंग एकसारखा येईपर्यंत फेकून द्यायची. त्यानंतर पूर्ण एक दिवस कुणी बोल्टला हात लावायचा नाही, म्हणून खाली पहिल्या बोल्टवर चिठ्ठी बांधायची. जुना बोल्ट हळू फिरवून काढायचा, तुटला तर तुटू दे. नळी आतच राहील. तिच्यावर रेझिन आणि नव्या भोकातली भुकटी चोळून तोंड बंद करायचं.

दादांना उद्याच फोन करतो. नवं भोक डावीकडे घ्यायचं की उजवीकडे, हे त्यांनाच विचारायला हवं. डावीकडे घेतलं तर रोप त्या बोचऱ्या कडेवर घासतो, हे पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं होतं. उजवीकडे मात्र दोर बोल्टला क्लिप करताना हात जेमतेम पोचतो, आणि आपल्या नव्या मुली उंचीनं लहान आहेत.