कर्ज पोराचं, शाखा तालुक्याची

परदेशात शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या पोरांचं शैक्षणिक कर्ज बरेचदा दारव्हा, वरुड, मेहकर, हिंगणघाट अशा तालुक्याच्या शाखेत असतं. सहकर्जदार म्हणून बाबांची सही आणि तारणाला तालुक्यातला एनए (बिगरशेती) प्लॉट नाहीतर घर. वावर सहसा चालत नाही, कारण शेतजमिनीला सरफेसी (थकीत कर्जाचं तारण बँकेनं थेट विकण्याचा) कायदा लागू होत नाही आणि बँकेला ती झटपट विकता येत नाही. नोकरी लागलेल्या पोराचा हप्ता थकतो तेव्हा पैसे नव्हते असं क्वचितच असतं. पैसे वाटेत अडकलेले असतात आणि शाखेचा फोन बाबांना जातो.

आधी हिशेब. समजा ३० लाखांचं कर्ज आहे, दर १०.५ टक्के फ्लोटिंग, म्हणजे बदलता. १५ लाख पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला उचलले, १५ लाख दुसऱ्या. कोर्स दोन वर्षांचा आणि त्यावर एक वर्ष सवलतीचं, म्हणजे बिनहप्त्याचं. सरकारी बँकेत या काळात साधारणपणे सरळ व्याज लागतं. पहिल्या उचलीवर तीन वर्षांचं ४,७२,५०० आणि दुसरीवर दोन वर्षांचं ३,१५,०००. हप्ता सुरू होताना हे ७,८७,५०० मुद्दलात मिसळतात आणि बाकी ३७,८७,५०० होते. दहा वर्षांचा हप्ता बसतो ५१,१०० च्या आसपास. तेच व्याज शिकतानाच भरत गेलं असतं, तर हप्ता ४०,५०० च्या घरात राहिला असता. महिन्याला साडेदहा हजारांचा फरक, म्हणजे दहा वर्षांत पावणेतेरा लाख. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला १३,१२५ रुपये होतं. पार्ट-टाइम कामातून तेवढं निघत असेल तर खुशाल भरावं. काही बँका त्याबद्दल दरात एक टक्का सूटही देतात, पण ती मंजुरीपत्रात लिहिलेली आहे का ते बघा.

मुदत पंधरा वर्षं केली की हप्ता ४१,९०० पर्यंत उतरतो आणि हलकं वाटतं. पण एकूण भरणा ६१ लाखांवरून ७५ लाखांवर जातो. तरीही आमचं मत असं की नोकरी नवी आणि व्हिसा कच्चा असेल तर लांब मुदत घ्यावी आणि जमेल तसे जादा पैसे भरावेत. हप्ता चुकला की दंड लागतो. जादा भरण्याला मात्र अडकाठी नाही, कारण व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या बिगरव्यावसायिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

आता पैशाची वाट. खरी भानगड इथंच आहे.

फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली शिकायला गेलेला विद्यार्थीही अनिवासी धरला जातो, मग नोकरदाराचं तर विचारूच नका. गावातलं जुनं बचत खातं तसंच वापरत राहणं नियमात बसत नाही, ते एनआरओ, म्हणजे इथल्या रुपयांसाठीचं अनिवासी खातं, करून घ्यावं लागतं. परदेशी पगारासाठी वेगळं एनआरई, म्हणजे बाहेरून आलेल्या पैशाचं अनिवासी खातं काढा. त्याचं व्याज भारतात करमुक्त असतं आणि पैसे परत बाहेर नेता येतात. एनआरईमध्ये बाबा कापसाचे पैसे भरू शकत नाहीत, इथले रुपये एनआरओमध्येच जातात. तालुक्याच्या शाखेत एनआरईचा फॉर्म कधी कोणी भरलेला नसतो. त्यामुळे जाण्याआधीच अमरावती, अकोला, यवतमाळ किंवा नागपूरच्या मोठ्या शाखेत हे काम उरकलेलं बरं. कर्ज ज्या बँकेत आहे त्याच बँकेत एनआरई काढलं तर कर्जखात्याला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (दर महिन्याला हप्ता आपोआप वळवण्याची सूचना) लावता येते. दुसऱ्या बँकेत असेल तर नॅच मँडेट, म्हणजे त्या खात्यातून हप्ता आपोआप कापायची लेखी परवानगी, द्यावा लागतो.

बाबांच्या खात्यात पैसे टाकून तिथून हप्ता भरायची पद्धत सोपी वाटते, पण त्यात तीन खाचा आहेत. खातं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत असेल तर परदेशातून थेट रक्कम तिथं जमा होईलच असं नाही, परतही येते. त्याच बँकेत पीककर्ज थकीत असेल तर खात्याला होल्ड लागलेला असू शकतो, मग पैसे दिसतात पण निघत नाहीत. आणि ओटीपी बाबांच्या मोबाइलवर येतो, तेव्हा बाबा वावरात असतात आणि तिथं रेंज नसते. स्वतःच्या खात्याला स्वतःचा नंबर जोडा, जाण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्ज संपू देऊ नका. नंबर बंद पडला की नेट बँकिंगही बंद पडतं, आणि नंबर बदलायला शाखा तुम्हाला समोर बोलावते.

तारखेचा घोळ वेगळाच. नॅचची वसुली ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सणासुदीलाही होते. परदेशातून आलेली रक्कम मात्र दुसऱ्या-चौथ्या शनिवारी, रविवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीत अडकून पडू शकते. महिनाअखेर पगार आणि एक तारखेला हप्ता असं असेल, तर अर्ज देऊन तारीख सातनंतर करून घ्या. दोन हप्त्यांइतकी रक्कम एनआरईमध्ये कायम पडून राहू द्या. मँडेट बाउन्स झाला की बँकेचा वेगळा आणि कर्जाचा वेगळा असा दुहेरी दंड बसतो.

पाठवण्याच्या खर्चात शुल्कापेक्षा विनिमय दरातली कापणी मोठी असते. ‘शुल्क शून्य’ म्हणणाऱ्या सेवेने दरात एक टक्का खाल्ला, तर ५१,१०० च्या हप्त्यामागे पाचशे रुपये गेले. म्हणून एकाच वेळी दोन-तीन सेवांवर तेवढीच रक्कम टाकून खात्यात किती रुपये पडणार एवढंच बघा. रुपयांत बदलताना लागणारा जीएसटी लाखापर्यंत फार तर १८० रुपये असतो, त्याचा बाऊ नको. अमेरिकेतून १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेला एक टक्का कर रोख, मनीऑर्डर आणि कॅशिअर्स चेकने पाठवलेल्या पैशावर आहे, बँक खात्यातून पाठवलं तर नाही.

डॉलर वाढेल म्हणून जादा रक्कम अडवून ठेवणारे पुष्कळ. वरच्या बाकीवर दिवसाला सुमारे १,०९० रुपये व्याज चढतं. डॉलर ८५ असेल तर एक महिना थांबणं परवडायला तो किमान ७५ पैशांनी वाढायला हवा. तेवढी खात्री कोणाला आहे? हप्ते सुरू झाल्यावर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एक लाख जादा भरले तर शेवटचे जवळपास पाच हप्ते गळतात. तेच आठ वर्षांनी भरले तर जेमतेम अडीच. पैसे भरल्यावर मात्र शाखेला मेल टाका: ही रक्कम मुद्दलात घ्या, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. मग नवं हप्तापत्रक मागा. काही ठिकाणी, विशेषतः एनबीएफसीत (बँक नसलेल्या कर्ज कंपन्यांत), असे पैसे ‘आगाऊ हप्ता’ म्हणून नुसते पडून राहतात आणि व्याज कमी होत नाही.

नोकरी लागली नाही किंवा सुटली, तर सवलतीचा काळ संपण्याआधीच लेखी कळवा. हप्ता एक दिवस चुकला तरी खात्याला एसएमए-० चा, म्हणजे थकबाकीच्या पहिल्या पायरीचा, शिक्का बसतो, ९० दिवसांवर गेलं की ते एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं खातं. त्यानंतर पुनर्रचना अवघड होते. सिबिल (कर्जफेडीची पत) दोघांचंही बिघडतं, तुमचं आणि बाबांचं. एप्रिल ते जूनमध्ये पीककर्जाचं नूतनीकरण करायला कास्तकार बँकेत जातो, तेव्हा हे पुढं येतं. पीककर्जाला सिबिल मागू नका असं सरकार बँकांना सांगतं, पण काउंटरवरचा अनुभव अनेकदा वेगळा असतो.

करसवलतीची आशा फार नको. शैक्षणिक कर्जाच्या सवलतीत (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०ई) फक्त व्याजाची वजावट मिळते, तीही आठ वर्षं आणि जुन्या करप्रणालीतच. तुमचं भारतात करपात्र उत्पन्न नाही आणि बाबांचं शेतीचं उत्पन्न मुळात करमुक्त, म्हणजे दोघांनाही उपयोग नाही. आई जिल्हा परिषदेत शिक्षिका आणि सहकर्जदार असेल आणि स्वतःच्या पगारातून हप्ता भरत असेल, तर तिला मिळते. भावाला मिळत नाही.

कर्ज फिटलं की नो ड्यूज दाखला घ्या. मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची असतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. प्लॉट बाबांच्या नावावर असेल तर ते स्वतः कागद उचलू शकतात. तुमच्या नावावर असेल तर भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र लागतं, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. सरसाईवरची (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली) तारणाची नोंद बँकेनं काढायची असते, ती निघाली का ते विचारा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढला असेल, तर तो बँकेच्या पत्रानं आपोआप उतरत नाही. ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर किंवा तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा लागतो. मग फेरफाराची पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. मिळकत पत्रिका असेल तर हेच काम भूमी अभिलेख कार्यालयात, आणि गावठाणातलं घर नुसतं नमुना ८ वर असेल तर ग्रामपंचायतीत.