परतीचं तिकीट शेवटच्या सामन्यानंतरचं काढा : अहमदाबादची सतरा वर्षांखालील पात्रता फेरी

शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. कांकरिया तलावाजवळच्या 'एका अरेना' या स्टेडियमबाहेर तीन पोरांना घेऊन मी उभा होतो. भारताची सतरा वर्षांखालची फुटबॉल टीम नुकतीच लेबनॉनकडून ०-२ हरली होती आणि माझ्या खिशात दुसऱ्या दिवशी रात्रीच्या परतीच्या गाडीची चार तिकिटं होती. शेवटचा सामना रविवारी इराणशी होता. आमच्यातला सगळ्यात लहान, गोलकीपर, तेवढा बोलला, "दादा, काय बी होऊ दे, रविवारचं बघूनच जाऊया." दुसरे दोघे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. लॉजवर पोचल्याबरोबर मी तिकिटं रद्द केली.

कोल्हापुरात आमच्या तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या क्लबच्या, ज्युनिअर फुटबॉल टीमचं मी बघतो. पोरांनी शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच शेकडो वेळा बघितली आहे. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की शाळा बुडते हे सगळ्यांना ठाऊक. पण आपल्याच वयाची मुलं देशाचा शर्ट घालून दुसऱ्या देशाशी खेळतात, हे त्यांनी फक्त मोबाईलवर पाहिलं होतं. ते समोर बसून बघणं ही वेगळीच गोष्ट आहे. अशी फेरी पुन्हा आपल्या देशात आली तर मुलांना घेऊन जायचं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी फेरीचं गणित समजून घ्या, कारण मी तिथेच चुकलो. ही फेरी २०२६ च्या सतरा वर्षांखालील आशिया कपसाठी होती. मुख्य स्पर्धेत संघ सोळा. २०२५ च्या कतारमधल्या वर्ल्ड कपला गेलेले नऊ आशियाई संघ थेट आत. उरलेल्या सात जागांसाठी ३८ संघ आणि सात गट, म्हणजे प्रत्येक गटातून फक्त पहिला जाणार. दुसऱ्याला काही नाही. आपल्या गटात इराण, लेबनॉन, पॅलेस्टाईन आणि चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) होते. पाच संघ असल्यामुळे प्रत्येकाला चार सामने, सगळे २२ ते ३० नोव्हेंबर या नऊ दिवसांत, एक दिवसाआड, आणि रोज एका संघाला सुट्टी. मी वेळापत्रक पाहून ठरवलं की तीन सामने झाले की चित्र स्पष्ट होईल, मग चौथ्यासाठी कशाला थांबायचं? एकच जागा असते तेव्हा चित्र शेवटच्या संध्याकाळपर्यंत स्पष्ट होतच नाही. पहिल्या दिवशी पॅलेस्टाईनशी १-१, बुधवारी चायनीज तैपेईवर ३-१, शुक्रवारी लेबनॉनकडून हार, मिळून चार गुण. इराण पुढे होता आणि त्याला बरोबरीसुद्धा पुरत होती. आपल्याला जिंकायलाच हवं होतं.

आता जाण्याचं. कोल्हापूरहून अहमदाबादला थेट गाडी आठवड्यातून एकदाच आहे. ती सामन्यांच्या तारखांशी जुळली तर नशीब, नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठायची आणि तिथून पुढे. मुंबईहून अहमदाबादला गाड्यांचा तोटा नाही : शताब्दी, वंदे भारत, कर्णावती, रात्रीची गुजरात मेल. पुण्याची मंडळी दुरांतोने जाऊ शकतात. एक मात्र नीट बघा. अहमदाबादच्या मुख्य स्टेशनाचं, म्हणजे कालुपूरचं, पुनर्बांधणीचं मोठं काम चालू आहे आणि बऱ्याच गाड्या मणिनगर, वटवा, साबरमती अशा स्टेशनांवर हलवल्या आहेत. तिकीट काढताना स्टेशनाचं नाव दोनदा वाचा. मैदानासाठी मणिनगर सगळ्यात सोयीचं. आम्ही तिथेच उतरलो, रिक्षा केली आणि थोड्याच वेळात पोचलो.

मेट्रोही आहे. वस्त्राल ते थलतेज मार्गावर कांकरिया ईस्ट नावाचं स्टेशन लागतं. नावावरून वाटतं की उतरलं की तलाव, पण स्टेशन रेल्वे रुळांच्या पूर्वेला आहे आणि तलाव पश्चिमेला. मध्ये पूल ओलांडावा लागतो, म्हणून रिक्षा करा. रात्री दहाच्या सुमारास मेट्रो बंद होते. साडेसातचा सामना संपून बाहेर पडेपर्यंत साडेनऊ होतात, तेव्हा मेट्रोवर विसंबून लांब मुक्काम करू नका.

राहण्याचं सविस्तर सांगतो, कारण तिथे मनस्ताप झाला. मी ऑनलाइन दोन खोल्या घेतल्या होत्या. रात्री दहाला चौघं दारात उभे, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो की अठरा वर्षांखालची मुलं आईवडिलांशिवाय ठेवत नाही. माझ्याकडे पोरांचे आधार कार्डांचे फोटो होते, पालकांचं पत्र नव्हतं. तासभर हुज्जत झाली. शेवटी दुसरं लॉज शोधलं, तिथल्या मालकाने तिघांच्या घरी फोन लावून स्वतः बोलून खात्री केली आणि मग खोली दिली. मला त्याचं बरोबरच वाटलं. पोरं घेऊन जाणार असाल तर प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड, पालकांच्या सहीचं संमतीपत्र, त्यावर फोन नंबर आणि तालमीच्या किंवा शाळेच्या लेटरहेडवरची यादी एवढं जवळ ठेवाच. आणि बुकिंग करण्याआधी फोन करून "सोबत अल्पवयीन मुलं आहेत, चालेल का" हे स्पष्ट विचारा.

मैदान म्हणजे 'एका अरेना' (EKA Arena). वीसेक हजार प्रेक्षकांचं, आणि याची एक बाजू हवी तेव्हा बंद सभागृहात बदलता येते. २०१६ चा कबड्डी वर्ल्ड कप याच वास्तूत झाला होता आणि अंतिम सामन्यात भारताने ३८-२९ असं हरवलं होतं ते इराणलाच. शनिवारी ही गोष्ट पोरांना सांगितली, तेव्हापासून त्यांचा जीव जरा खाली आला. २०१९ चा इंटरकाँटिनेंटल कपही इथेच झाला. थोरल्या संघाच्या सामन्यासारखी तोबा गर्दी युवा फेरीला नसते, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी कमाई आहे. खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते ऐकू येतं. कोच बिबियानो फर्नांडिस बाजूच्या रेषेवर उभे राहून हात कुठे दाखवतात ते दिसतं. २०१८ मध्ये याच गोव्याच्या माणसाने सोळा वर्षांखालच्या मुलांना आशिया कपच्या उपांत्यपूर्व फेरीत नेलं होतं. तिथे दक्षिण कोरियाकडून ०-१ अशी हार झाली आणि वर्ल्ड कप एका सामन्याने हुकला. हे माहीत असलं की त्यांच्याकडे बघताना वेगळं वाटतं.

पोरांना मी काम नेमून दिलं होतं. प्रत्येकाने पहिली वीस मिनिटं चेंडू सोडून आपल्या जागेवरच्या खेळाडूकडेच बघायचं. गोलकीपरने गोलकीपरकडे, लेफ्ट बॅकने लेफ्ट बॅककडे, स्ट्रायकरने स्ट्रायकरकडे. पाच मिनिटांत कंटाळतील असं वाटलं होतं. बुधवारी आमचा गोलकीपर वहीत काहीतरी रेघोट्या मारताना दिसला. बघतो तर त्याने पेनल्टी बॉक्स काढला होता आणि चेंडू पलीकडच्या अर्ध्यात असताना कीपर कुठे उभा राहतो त्याच्या फुल्या मारल्या होत्या. सगळ्या फुल्या बॉक्सच्या पुढच्या रेषेजवळ. "मी गोलच्या रेषेवरच थांबतोय की," एवढंच म्हणाला. दोन वर्षं मी त्याला हे सांगत होतो. यासाठी मधल्या रेषेच्या समोर, शक्य तितक्या वरच्या रांगेत बसा. खाली बसलात तर उत्साह जास्त, पण अंतरं कळत नाहीत.

दुसऱ्या दोन देशांचा सामनाही चुकवू नका. आमच्या तिघांना पॅलेस्टाईनच्या मुलांनी खिळवून ठेवलं. घरी काय चाललंय ते सगळ्या जगाला माहीत आहे, आणि ही पंधरा-सोळा वर्षांची मुलं इथे चेंडूसाठी झडप घालत होती. त्यांच्या प्रत्येक चांगल्या पासला आम्ही टाळ्या वाजवल्या.

बाटली, पॉवर बँक, नाणी या गोष्टी दारात अडकतात, तेव्हा मोकळ्या हाताने जा. तिकिटाची आणि प्रवेशाची माहिती फुटबॉल फेडरेशनच्या अधिकृत पानावरूनच घ्या. फॉरवर्ड होऊन आलेल्या लिंकांना हात लावू नका. नोव्हेंबरअखेर दिवसा ऊन लागतं, पण रात्री वरच्या रांगेत चांगलंच गार होतं. स्वेटर घ्या.

शनिवार मोकळा होता. सकाळी साबरमती आश्रम, मग रिव्हरफ्रंटवरचा अटल पूल, दुपारी जुन्या शहरात भद्रचा किल्ला. अहमदाबादवर साठेक वर्षं मराठ्यांचा अंमल होता आणि भद्रचं काली मंदिर त्याच काळातलं आहे, हे पोरांच्या पुस्तकात कुठे येत नाही. आम्ही तिथे बराच वेळ बसलो. रात्री माणेक चौक. दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो, तो मिटला की खाण्याच्या गाड्या लागतात. घुघरा सँडविच पोरांना फार आवडलं. डाळ गोड लागते म्हणून कोल्हापूरकरांनी लसणाची चटणी बरोबर ठेवावी, आमच्या डब्यातली तिसऱ्या दिवशी संपली. कांकरिया तलाव पंधराव्या शतकातला आहे, बघायलाच हवा, पण सोमवारी बंद असतो. आम्ही तो सोमवारसाठीच राखून ठेवला होता आणि शेवटी कुंपणाबाहेरूनच बघितला.

रविवारी सकाळी अकराला तत्काळची खिडकी, म्हणजे आता मोबाईलच. आदल्या दिवशी एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, आणि जुलै २०२५ पासून आधारशी जोडलेल्या खात्यावरूनच मिळतं. खातं आधीच जोडून ठेवा, तिथे उभं राहून जमत नाही. आम्हाला सोमवारची चार स्लीपर मिळाली, दोन वेगळ्या डब्यांत.

आणि मग संध्याकाळ. आम्ही दीड तास आधी जाऊन बसलो. एकोणिसाव्या मिनिटाला इराणने गोल केला. आमच्या रांगेत कुणी काही बोललं नाही. इराणची मुलं अंगापिंडाने थोराड, आपली चपळ; पण मागे पडल्यावर घाईने लांब चेंडू मारत सुटतील अशी मला भीती होती. तसं झालं नाही. ती पायात चेंडू ठेवून खेळत राहिली. पहिला हाफ संपता संपता, जादा वेळेत, पेनल्टी मिळाली. आमच्या बाजूच्याच गोलवर. दल्लालमुआन गंगटे चेंडू ठेवायला वाकला तेव्हा आमच्या गोलकीपरने माझा दंड धरला. त्याला गोलकीपरबद्दल वाटणारी माया त्या दिवशी बाजूला राहिली. चेंडू आत गेला, १-१.

मध्यंतरानंतर सातव्याच मिनिटाला गुनलैबा वांगखेइराकपामने दुसरा गोल केला. तो पलीकडच्या टोकाला झाला. आम्हाला आधी जाळं हललेलं दिसलं, मग राखीव खेळाडूंच्या बाकावरून पोरं धावत सुटलेली दिसली, आणि मग आवाज आला. त्यानंतरची चाळीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. बरोबरी झाली असती तरी सगळं संपलं असतं. प्रत्येक कॉर्नरला तिघं उभे राहायचे, चेंडू बाहेर गेला की बसायचे. आमचा लेफ्ट बॅक, जो कधी तोंड उघडत नाही, तो तिथे कुणीही ऐकणार नाही हे माहीत असून "मागं ये, मागं ये" म्हणून शेवटपर्यंत ओरडत होता. शिट्टी झाली, २-१. भारत आणि इराण दोघांचे सात-सात गुण. गुण सारखे झाले की आधी आपसातला सामना बघतात, म्हणून आपण पहिले. सौदी अरेबियातल्या आशिया कपला आपली मुलं जाणार, आणि तिथे उपांत्यपूर्व फेरी गाठली की थेट वर्ल्ड कप.

सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप आता दरवर्षी होतो, त्यामुळे आशिया कपही आणि त्याची पात्रता फेरीही. संधी लवकर लवकर येणार. मुलींचं विसरू नका. आपल्या सतरा वर्षांखालच्या मुलींनी ऑक्टोबरमध्ये बिश्केकला जाऊन दोन्ही सामने २-१ ने जिंकले आणि त्याही आशिया कपसाठी पात्र ठरल्या. त्यांची फेरी भारतात आली तर तालमीतल्या पोरांबरोबर पोरींनाही घेऊन जाणार आहे, आणि संमतीपत्रांचे कागद आत्ताच छापून ठेवलेत.

परतीच्या गाडीत गोलकीपर वरच्या बर्थवर होता. वसई गेल्यावर खाली वाकून विचारलं, "दादा, ह्या स्पर्धेला जन्म १ जानेवारी २००९ नंतरचा लागतोय न्हवं? म्हंजे माझं अजून बसतंय." त्याचा जन्म २०१० चा. मंगळवारी संध्याकाळी प्रॅक्टिसला आला तेव्हा तो बॉक्सच्या पुढच्या रेषेवर उभा होता.